मारली नाहीत, सोडली!

आपल्या भाषेत 'सोडणे' हे क्रियापद मोठं सोयीचं आहे. आपण मुलाला शाळेत सोडतो, पाहुण्याला बसवर सोडतो, उपास सोडतो, दारू सोडतो (निदान तसं म्हणतो तरी!) आणि मांजराची पिल्लं बाजारात सोडतो. शाळेत सोडलेल्या मुलाला संध्याकाळी आणायला जावं लागतं. पिल्लांना आणायला कुणी जात नाही. तिथे खरं तर 'टाकली' असं म्हणायला हवं. पण टाकली म्हटलं की जीभ अडखळते. सोडली म्हटलं की कसं मोकळं मोकळं वाटतं, जणू पिल्लंच पिंजऱ्यात होती आणि आपण त्यांना स्वातंत्र्य दिलं!

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर हा संवाद ऐकायला मिळतो. मांजरी व्यालेली असते, चार पिल्लं झालेली असतात. महिन्याभराने शेजारची बाय विचारते, "पिलां खंय गेलीं गो?" उत्तर येतं, "कितें करतलों? मारूंक जायना, पाप लागता. बाजारांत सोडून आयलों. थंय नुस्तें मेळटा मरे!"

या उत्तरात आपली सगळी मांजरनीती आली. पाप लागतं म्हणून मारायचं नाही, आणि मासे मिळतात म्हणून सोडायचं. आज या दोन्ही गोष्टींबद्दल थोडं बोलायचं आहे. कारण सांगणारी माणसं वाईट नसतात. उलट देवाला भिणारी, दारात आलेल्याला उपाशी न पाठवणारी अशीच असतात. आणि नेमकी तीच माणसं एक दिवस पिशवीचं तोंड सुतळीने बांधून स्कूटरला अडकवतात.

आधी पापाचं बघू. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन वाहावं लागतं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांची लांबलचक यादी आहे. तिथे मुंगूस, बेडूक, घुबड, कावळा यांच्या रांगेत मांजराची हत्याही आहे. सोन्याची भर पुढे कुणी घातली कोण जाणे, पण युक्ती नामी होती. सोनं कुणाला परवडतंय? आणि गोव्याहून काशी काय बाजूच्या वाड्यावर आहे? त्यापेक्षा मांजर जगू दे, असा सरळ हिशेब. या समजुतीने कित्येक पिढ्या मांजरं वाचवली असतील यात मला शंका नाही. तिला हसण्याचं काही कारण नाही.

पण या समजुतीला एक भोक आहे. ती मारण्याबद्दल बोलते, टाकण्याबद्दल बोलत नाही. पिल्लू माझ्या हातून मेलं तर मला पाप. माझ्या नजरेआड, पावसात, कुत्र्याच्या तोंडी, टेम्पोच्या चाकाखाली मेलं तर ते त्याचं नशीब! सोन्याच्या मांजराच्या धाकाने आपण मारायचं थांबलो आणि पिशवी शोधून काढली. काशीची यात्रा वाचली, बाजारापर्यंतच्या पेट्रोलावर भागलं.

गंमत म्हणजे आपला कायदाही याच वळणाचा आहे. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. आणि उपासमारीने हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला टाकून येणं? तोही गुन्हा आहे बरं का. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये तो स्पष्ट लिहिलेला आहे. त्याला पहिल्या खेपेला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. १९६० साली पन्नास रुपयांना काही किंमत होती. आज पन्नास रुपयांत बांगड्याचा वाटाही धड येत नाही. म्हणजे धर्म आणि कायदा दोघेही मारणाऱ्याकडे डोळे वटारतात आणि सोडणाऱ्याकडे कानाडोळा करतात. मग माणसाने तरी का लाजावं?

आता दुसरं वाक्य. 'तिथे मासे मिळतात.'

मासळी बाजारात मांजरं असतात हे खरं. आपण सकाळी पिशवी घेऊन जातो तेव्हा दोन-चार धष्टपुष्ट बोके दिसतात आणि आपल्याला वाटतं, काय मजेत आहेत! पण आपल्याला दिसतात ती जगलेली. न जगलेली दिसत नाहीत, कारण बाजार उघडण्याआधी जागा झाडून काढलेली असते. त्या धष्टपुष्ट बोक्यांनी आपली हद्द आखून घेतलेली असते आणि नव्या पिल्लाला ते तिथे उभंही करत नाहीत. खालच्या बाजूला कुत्री, वरच्या बाजूला घारी आणि कावळे. पिल्लू माशापर्यंत पोचण्याआधी दुसरं कुणीतरी पिल्लापर्यंत पोचतं.

शिवाय दिवस कुठले ते पाहा. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लं घराबाहेर काढली जातात ती साधारण पावसाच्या तोंडावर. घर शाकारून झालेलं असतं, सगळी माणसं घरात असतात, पिल्लं पायांत पायांत करतात, घाण करतात. बरोबर तेव्हाच, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस, यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. म्हणजे ज्या दिवसांत बाजारात मासळी सर्वांत कमी असते आणि पाऊस सर्वांत जास्त, त्याच दिवसांत आपण पिल्लांना 'मासे मिळतील' म्हणून तिथे नेतो! किनाऱ्यावरची गोष्टही अशीच. ऑक्टोबरपासून शॅकमध्ये पर्यटकांच्या ताटातलं खाऊन मांजरं वाढतात. मे संपता संपता शॅक उतरतात, खुर्च्या-टेबलं गोदामात जातात, कामगार आपापल्या गावी जातात. मांजरं रेतीवर राहतात. त्यांना मोसम संपला हे कोण सांगणार?

आणि मासे मिळाले तरी नुसत्या माशांवर मांजर नीट वाढत नाही. काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारं द्रव्य असतं. पण हा पुढचा भाग झाला. बहुतेक पिल्लांच्या बाबतीत गोष्ट तिथपर्यंत जातच नाही.

का जात नाही, ते समजण्यासाठी पिल्लू म्हणजे काय ते समजायला हवं. जन्मतः मांजराचं पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. डोळे उघडायला आठवडा-दहा दिवस लागतात. पहिले काही आठवडे त्याला आपल्या अंगाची ऊबही राखता येत नाही, ती आईच्या पोटाकडून घ्यावी लागते. इतकंच काय, पहिले सुमारे तीन आठवडे आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. दात येतात, खायला शिकतं, तरी आठ आठवडे होईपर्यंत त्याला आईपासून वेगळं करू नये असं जनावरांचे डॉक्टर सांगतात. आपण साधारण कधी सोडतो? डोळे उघडले आणि घरभर फिरायला लागली की. म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात.

वैष्णवांच्या तत्त्वज्ञानात मार्जारकिशोर न्याय नावाचा एक दृष्टांत आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं, तर मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेईल तिकडे जातं. भक्ताने देवावर भार टाकावा तो असा, असं त्या पंथातले आचार्य सांगत. शरणागतीचं याहून चांगलं उदाहरण त्यांना सुचलं नाही. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपणही म्हणतोच की. ती फिरवते ते सुरक्षित जागेच्या शोधात. आपण आठवं घर दाखवतो, ते बाजाराचं. आणि पिशवीतलं पिल्लू त्या दृष्टांतातल्यासारखंच वागतं. सोडलं तिथेच बसून राहतं आणि ओरडतं, कारण आई येऊन उचलेल हे एवढंच त्याला ठाऊक असतं. तिकडे घरी आई दोन दिवस माडीवर, परसात, विहिरीमागे हाका मारत हिंडते. तेही आपण ऐकलेलं असतं आणि 'विसरेल हळूहळू' असं म्हणून दार लावून घेतलेलं असतं. आणखी एक सांगतो. बाळाच्या सहाव्या रात्री आपल्याकडे सटी पुजतात. तान्ह्या बाळांना राखणारी ही षष्ठी. तिचं वाहन बंगालात कोणतं मानतात? मांजर!

असो. शिव्या देण्यासाठी हे लिहीत नाही. असं का झालं याचाही विचार करायला हवा.

पूर्वी आपल्या घरात मांजराला काम होतं. भात घरात यायचं, कणगीत भरायचं, माळ्यावर नारळ आणि सुपाऱ्या असायच्या. जिथे भात तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मागून येणारा साप. कौलारू घर, मातीची भिंत, मागे गोठा. मांजर हे त्या घराच्या व्यवस्थेतलं एक माणूस होतं म्हणा ना. तिला वेगळं काही करावं लागत नसे. पेजेची निवळ, माशाचं डोकं, चुलीजवळची ऊब. त्या काळीही पिल्लं मरत होती, उगाच सोनेरी चित्र रंगवू नये. पण कुणाला तरी मांजर हवं असायचं. "एक पिलूं म्हाका दवर" असं आधी सांगून ठेवत. आता भात दुकानातून पाच किलोच्या पिशवीत येतं, कौलांच्या जागी स्लॅब आला, गोठ्याच्या जागी गाडी आली, आणि घराच्या जागी फ्लॅट. मांजराचं काम गेलं. मांजर मात्र आहे तिथेच आहे, आणि तिचं विणंही आहे तसंच चालू आहे. काम गेलेल्या माणसाचं काय होतं ते आपण जाणतो. मांजराचंही तेच झालं. ती नकोशी झाली.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आता तिला घरात ठेवायचं तर दुसऱ्या नात्याने ठेवायला हवं. उंदरांसाठी नव्हे, तिच्यासाठी. आणि तसं ठेवायची तयारी नसेल तर निदान तिला पुन्हा पुन्हा विऊ देऊ नये. दोन्हीपैकी एक तरी करावं. 'सोडून येणं' हा तिसरा मार्ग म्हणून धरूच नये.

यात पहिली पायरी पिल्लाची नाही, आईची. थोडा हिशेब करू. मांजरीचे दिवस सुमारे नऊ आठवड्यांचे. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला तीन वेतं आणि वेताला चार पिल्लं धरली तर झाली बारा. त्यांतल्या माद्या चार-पाच महिन्यांच्या झाल्या की त्याही माजावर येऊ शकतात. म्हणजे पहिल्या पिल्लांसाठी घर शोधेपर्यंत ती पिल्लंच आई झालेली असतात! चार पिल्लांना चार चांगली घरं मिळवून देणारी भली माणसं मी पाहिली आहेत. दोन महिने सगळ्या नातेवाइकांना फोन करून, ओळखीपाळखीच्यांना गळ घालून त्यांनी घरं शोधली. आणि मग हुश्श करून बसली, तोवर मांजरी परत व्याली. दरवाजा उघडा ठेवून घरातलं पाणी उपसण्यासारखं आहे हे.

यावर उपाय एकच, आणि तो साधा आहे. शस्त्रक्रिया. मादीची आणि बोक्याचीही. वयाच्या साधारण पाच-सहा महिन्यांत होते. बोक्याची तर फारच किरकोळ असते. रस्त्यावरच्या मांजराची केली की कानाचं टोक थोडं कापून ठेवतात, म्हणजे तिला पुन्हा पकडायची गरज नाही हे लांबूनच कळतं. असं टोक कापलेलं मांजर दिसलं तर कुणीतरी क्रूरपणा केला असं समजू नका. कुणीतरी तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या आहेत असं समजा.

इथे हमखास एक आक्षेप येतो. "बिचारीचं आईपण का हिरावून घ्यायचं? निसर्गाविरुद्ध आहे ते." हे बोलणारे बहुधा तेच असतात, जे पाचव्या आठवड्यात पिल्लं उचलून बाजारात नेतात. आईपण हिरावून घेणं म्हणतात ते याला! मांजराला पुढची पिल्लं व्हावीत अशी काही मनात इच्छा धरून बसता येत नाही. झालेली पिल्लं नाहीशी झाली की मात्र ती शोधते. यातलं दुःख कुठलं आणि कल्पना कुठली, हे दोन दिवस तिच्या हाका ऐकल्यावर कळतं. आणि निसर्गाचं म्हणाल तर पिशवी, सुतळी आणि स्कूटर हे निसर्गात कुठे बसतं?

कुत्र्यांच्या बाबतीत आपण काय केलं ते आठवून पाहा. २००१मध्ये जन्मनियंत्रणाचे नियम आले ते नावापासूनच कुत्र्यांचे होते. २०२३ साली त्यांच्या जागी नवे आले, त्यांच्या नावातून कुत्रा गेला आणि 'प्राणी' तेवढा राहिला. गोव्यात २०१४पासून कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची मोठी मोहीम चालली. जाळी घेऊन माणसं वाड्यावाड्यात फिरली, शाळांतून मुलांना माहिती दिली, आणि २०२१मध्ये गोवा हे देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. म्हणजे ठरवलं की आपल्याला जमतं. कुत्र्याबद्दल आपण ठरवलं कारण कुत्रा चावतो आणि आपल्याला भीती वाटते. मांजर गुपचूप मरतं, त्यामुळे तिच्याबद्दल ठरवायची पाळीच येत नाही. आपल्या धर्मकृत्यांतही बघा ना. गोग्रास आहे, काकबळी आहे, कुत्र्यासाठी घास आहे. संतकथांत नामदेव कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावतात, एकनाथ तहानलेल्या गाढवाला गंगेची कावड पाजतात. मांजराच्या नावाचा घास मात्र ऐकिवात नाही. ती आपला घास आपण उचलते, म्हणून तिचं नाव चोरांत!

आता घराबद्दल. ज्यांना मांजर ठेवावंसं वाटतं, त्यांना माझी विनंती आहे की विकत घेऊ नका. पैसे मोजून लांब केसांची, चपट्या नाकाची मांजरं आणायची फॅशन आपल्याकडेही आली आहे. गोव्याच्या उकाड्यात आणि पावसात त्या बिचाऱ्यांचे केस विंचरता विंचरता माणूस थकतो, मग तीही कुठेतरी 'सोडली' जातात. आपलं गावठी मांजर इथल्या हवेला सरावलेलं असतं. आसगाव, शिवोली, कुडचडे अशा ठिकाणी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि गावोगावी आपल्या खिशातून करणारी माणसंही आहेत. त्यांच्याकडे घराची वाट पाहणारी मांजरं नेहमीच असतात. मात्र त्यांच्या फाटकाशी रात्री खोका ठेवून पळू नका. एका जागी पुष्कळ पिल्लं आली की पॅनल्युकोपेनियासारखा रोग एका खोक्यातून सगळ्या खोलीत जातो, आणि आधी वाचवलेलीही जातात.

आणि घ्यायचं तर कुठलं घ्यायचं? पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं. दोन वर्षांची मांजरी कुणाला नको असते. काळं मांजर तर त्याहून नको. आडवं गेलं की काम होत नाही म्हणे! एका डोळ्याचं, तीन पायांचं, शेपूट तुटलेलं, ही रांगेत सर्वांत शेवटी. पण ज्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना मी मुद्दाम सांगेन की मोठं मांजर घ्या. पिल्लू रात्रभर पडद्यावर चढतं. मोठ्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो, तो आधी बघून घेता येतो. आणि एकदा टाकलं गेलेलं मांजर नव्या घरात कसं राहतं हे पाहण्यासारखं असतं. पहिले आठ-दहा दिवस कपाटाखालून बाहेर येत नाही. खाणं रात्री, सगळे झोपल्यावर. त्याला ओढून काढू नये. एक लहान खोली द्यावी, वाळूचा ट्रे द्यावा, पाणी द्यावं, आणि आपण तिथे नुसतं पेपर वाचत बसावं. मग एक दिवस ते येतं, पायाला अंग घासतं आणि जणू घर त्याचंच होतं अशा थाटात खुर्चीवर बसतं. आपल्याला उठावं लागतं, हे ओघानं आलंच!

शाकाहारी घरांना एक सूचना. दूधभातावर मांजर जगत नाही, टिकतं फक्त. टॉरीन नावाचा एक घटक तिला मांसाहारातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचतही नाही. तेव्हा तिला तुमच्या सोवळ्यात ओढायचं असेल तर मांजर न ठेवलेलं बरं. लशी द्या, रेबीजचीही द्या. नीट सांभाळलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. म्हणजे आज पाचवीतला मुलगा हट्ट धरून पिल्लू आणतो, तो नोकरीला लागेपर्यंतची ही गोष्ट आहे. आणताना एवढा विचार करा.

घरात सून गरोदर राहिली की मांजर बाहेर, हाही एक प्रघात. टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची भीती असते आणि ती अगदी खोटी नाही. पण मांजराच्या विष्ठेतला तो जीव लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो. रोजच्या रोज ट्रे साफ केला आणि ते काम गरोदर बाईने न करता नवऱ्याने केलं, तिने मातीत काम केल्यावर हात धुतले, मटण नीट शिजवून खाल्लं, तर धोका फार कमी होतो. डॉक्टरांना विचारा, पण मांजर टाकायच्या आधी विचारा. (नवऱ्याने ट्रे साफ करायचा म्हटल्यावर काही घरांत मांजर जास्तच धोकादायक ठरतं, ती गोष्ट वेगळी!)

दोन आक्षेप मात्र मला खरे वाटतात. एक म्हणजे, माणसांचे हाल होत असताना मांजरांचं काय घेऊन बसलात? याला माझं उत्तर एवढंच की मांजरावर खर्च न केल्याने तो पैसा माणसांकडे गेला, असं मी अजून तरी पाहिलेलं नाही. दया ही काही डब्यातली साखर नव्हे, इकडे चमचाभर घातली की तिकडे कमी पडायला. दुसरा आक्षेप पक्ष्यांचा. मांजर शिकारी आहे. पोट भरलेलं असतानाही ती दयाळ मारते, खारीचं पिल्लू मारते, सरडे मारते. आपल्या परसातले पक्षी कमी होत असताना हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण म्हणूनच तर बाहेर सोडलेल्या मांजरांची संख्या वाढू नये. घरात ठेवलेलं, शस्त्रक्रिया केलेलं, निदान रात्री आत घेतलेलं मांजर पक्ष्यांचं कमी नुकसान करतं. बाजारात, माळावर, देवराईच्या कडेला टाकलेली मांजरं, जी जगतात ती, शिकारीवरच जगतात. मांजरप्रेमी आणि पक्षीप्रेमी यांचं भांडण खरं तर पिशवीवाल्याशी असायला हवं.

प्रत्येकालाच मांजर ठेवता येतं असं नाही. भाड्याचं घर असतं, दम्याचा आजार असतो, घरात आजारी माणूस असतं. मग वाड्याने मिळून करावं. आपल्याकडे शिगम्याची वर्गणी निघते, चवथीला भजनी मंडळाची निघते, फेस्ताची निघते. वाड्यावरच्या पाच मांजरींच्या शस्त्रक्रियेची वर्गणी काढायला काय हरकत आहे? जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसचं मोठं चर्च आहे. त्या संताचा दिवस ४ ऑक्टोबर, तोच जागतिक प्राणीदिन. पिशवी घेऊन जाणारे हात दोन्ही धर्मांचे असतात, तेव्हा वर्गणीचेही दोन्ही धर्मांचे असायला अडचण नसावी. आणि प्रत्येक वाड्यावर एक तरी म्हातारी असते, जी मांजरांना घालते आणि त्यासाठी बोलणी खाते. तिने घालणं थांबवावं असं सांगू नका. तिच्या हातून खाणारी मांजरं तिच्याच हाती लागतात, डॉक्टरांच्या नव्हे. शस्त्रक्रियेसाठी पकडून देण्याच्या कामी तिच्याइतकं उपयोगी माणूस दुसरं नाही. तिला बोलणी देण्याऐवजी गाडी द्या.

सोन्याच्या मांजराची गोष्ट ज्यांनी रचली त्यांना एक नक्की ठाऊक होतं. मांजराच्या जिवाला किंमत लावल्याशिवाय माणूस तो राखत नाही. त्यांनी ती सोन्यात लावली. आपल्याला तेवढी मोजायला नको. एका शस्त्रक्रियेचा खर्च, किंवा कपाटाखाली दहा दिवसांची जागा आणि मग खुर्ची. पुढच्या वेळी कुणी सुतळी शोधायला लागलं, तर त्याला पापाची भीती घालू नका, ती त्याला आधीच आहे. "आई खंय आसा? तिका दोतोराकडे व्हरूंया" एवढंच म्हणा आणि बरोबर जा. पिल्लांचं मग बघू. आठ आठवडे अजून हातात असतात.